रोहितला पाहायला आलेली गाडी

इंदिरानगर, नाशिक
११ ऑगस्ट १९९९

प्रिय साळू,

आधी बस. उभ्यानं वाचशील तर पडशील. मी पुन्हा टेलिफोनवर बसायला लागले आहे!

पगार नाही, चहासुद्धा आपापल्या पेन्शनीतला. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत ‘कानोसा’ नावाचं काम सुरू झालंय. ज्याला मनातलं कुणाला सांगता येत नाही, जगणं नको झालंय, त्यानं फोन करायचा आणि आम्ही ऐकायचं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, उपदेश तर अजिबात करायचा नाही. हे शेवटचं मला किती जड जात असेल ते तुला सांगायला नको.

आमच्या मुख्य आहेत स्नेहल मॅडम. वय वर्षं एकोणतीस, आणि मला ओरडतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “ऐकण्याचा काही अनुभव?” मी म्हटलं, “अहो, मी आणि माझी मैत्रीण साळू, आम्ही तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. अख्ख्या नाशिकच्या सोयरिकी, भांडणं आणि मयतं आमच्या कानांवरून गेली. भिंतीला कान असतात म्हणतात, आम्ही तर सरकारी पगारी कान.” आपला नियमही सांगितला, ऐकलेलं बोर्डावरच ठेवायचं, घरी न्यायचं नाही. त्यांना तो फार आवडला.

माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते सहा. शिवाय एक गाडीही आहे. दर गुरुवारी डॉक्टर, स्नेहल मॅडम आणि ड्रायव्हर हिरामण पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जातात, तिथेच तपासतात, गोळ्या देतात. सोबत दहा पत्रकं पाठवते, त्यावर आमचा नंबर आहे. तुमच्या गावच्या दवाखान्यात लाव.

तू नाशिक सोडून सायखेड्याला गेलीस त्याला वर्ष झालं. एकदा तरी ये गं. देवरामभाऊजींना नमस्कार.

तुझी,
सरिता


सायखेडा
२५ ऑगस्ट १९९९

प्रिय सरिता,

पत्र मिळालं. उपदेश न करता तू चार तास बसतेस यावर माझा विश्वास नाही. स्नेहल मॅडमना म्हणावं, हिला एकदा भाजीवाल्याशी बोलताना ऐका.

आमचं सगळं उत्तम. बाग चांगली आहे. ह्यांना निवृत्तीनंतर शेती करायची हौस होती, ती फिटतेय. रोहितची सातपूरची नोकरी कायम झाली, आता स्थळं पाहतोय. ओझर, पिंपळगाव, लासलगाव, सगळीकडून निरोप आहेत. घरासमोर नदी, मागे द्राक्षं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, साळूबाई, तुम्हाला कशाची कमी आहे? खरंच नाही.

पत्रकं दवाखान्यात लावली.

एक विचारते, सहज. तिथे कुणी फोन केला आणि नुसतंच गप्प बसलं, तर तुम्ही काय करता?

तुझी,
साळू


इंदिरानगर, नाशिक
८ सप्टेंबर १९९९

प्रिय साळू,

कुणी काय बोललं ते सांगायचं नाही, पण कुणी काहीच बोललं नाही तर काय करतो ते सांगायला हरकत नसावी. आम्ही फोन ठेवत नाही. थोड्या थोड्या वेळानं ‘मी आहे’ म्हणतो आणि बसतो. पलीकडचा ठेवेल तेव्हाच आपण ठेवायचा. आपल्या काळी तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्या पार्टीला आठवण करून द्यायला लागायची, त्याच्या अगदी उलट.

रोहितसाठी घाई करू नकोस. मुलगा गुणी आहे. तुझ्यावर गेला असता तर काळजी होती.

दिवाळीआधी ये. मी घ्यायला सीबीएसच्या स्टँडवर येते.

तुझी,
सरिता


सायखेडा
२४ ऑक्टोबर १९९९

श्रीमती सरिताताई यांस देवराम याचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. हे लिहितोय ते साळूला कळू देऊ नका.

तिचं काही खरं नाही, ताई. जेवत नाही. पहाटे तीनला जागी होते ती तशीच बसते. केस विंचरत नाही. तुम्हाला माहीत आहे ती, ड्युटीवर कधी सुरकुतलेलं पातळ नेसली नाही. आता तेच पातळ चार चार दिवस. नदीच्या घाटावर जाऊन बसते आणि हाक मारली तर ऐकू येत नाही. विचारलं की म्हणते, “काही नाही, तुम्ही बागेत जा.”

माझी भावजय सुलाबाई म्हणते बाहेरचं आहे. वणीला नवस बोलून आलो. मला वाटतं तिला नाशिकची आठवण येत असेल, मीच तिला इथे आणलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तेवढी जरा उठून बसते, मला म्हणते लवकर जा मळ्यात. मला तेवढ्यावरच बरं वाटतं.

निफाडला डॉक्टर दाखवला असता. पण रोहितचं स्थळ पिंपळगावच्या बाजूला जवळजवळ ठरत आलंय. मुलगी हर्षाली, फार चांगली आहे. मुलाच्या आईचं डोकं फिरलंय असं गावात झालं तर सोयरीक मोडते, हे तुम्ही जाणता. म्हणून दार लावून बसलोय. तुम्ही तिला मोठमोठी पत्रं लिहा एवढीच विनंती.

आपला,
देवराम


इंदिरानगर, नाशिक
२९ ऑक्टोबर १९९९

देवरामभाऊजी,

हे बाहेरचं नाही आणि नाशिकची आठवणही नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. तुम्ही तिला इथे आणा, माझ्याकडे मुक्कामाला म्हणून. गावाला काही सांगायची गरज नाही. तोवर तिला घाटावर एकटी जाऊ देऊ नका.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. का येत नाही ते विचारू नका.

सरिता


इंदिरानगर, नाशिक
१७ नोव्हेंबर १९९९

साळू,

हे पत्र रोहितच्या हाती देते आहे. सातपूरहून सुटल्या सुटल्या तो इथे आला, रडला, आता तुझ्याकडे निघालाय. त्याला रागावू नकोस. रागावायचं तर मला रागाव, कारण आहे.

पहिल्या फोनलाच मी तुला ओळखलं होतं. सप्टेंबरचा दुसरा मंगळवार, दुपारी अडीच. तू काही बोलली नव्हतीस. पण त्याआधी माऊथपीसवर हलकी फुंकर मारलीस. आपल्या बोर्डावर धूळ साचायची म्हणून तू तीस वर्षं अशी फुंकर मारत होतीस, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. ती मी हजार माणसांत ओळखली असती.

आणि मी गप्प राहिले. तुला आडोसा हवा होता, तो काढून घेतला तर तू फोनच करणार नाहीस असं वाटलं. शिवाय तो आपला नियम. ऐकलेलं बोर्डावरच ठेवायचं. मला त्याचा केवढा अभिमान! म्हणून वीस वेळा तू फोन केलास, मी वीस वेळा ‘मी आहे’ म्हटलं, आणि घरी येऊन तुला दिवाळीच्या अनारशांबद्दल पत्र लिहिलं. भाऊजींचं पत्र आल्यावरसुद्धा. (हो, त्यांनी लिहिलं होतं. त्यांनाही रागावू नकोस.)

काल तू पहिल्यांदा बोललीस. “आता फोन करणार नाही. तुमचे फार उपकार झाले.”  माझ्या तोंडून गेलं, “साळू, ठेवू नकोस.” तू ठेवलास.

मग मी तुझा नंबर सहा वेळा लावला. तू उचलला नाहीस. तुमच्या चौकातल्या पीसीओवाल्या गोटीरामला फोन करून म्हटलं, सायकल काढ आणि देवरामभाऊंना मळ्यातून घरी पाठव, विचारू नकोस का. देव त्याचं भलं करो, त्यानं विचारलं नाही. भाऊजींना तू घाटाच्या वाटेवर भेटलीस आणि त्यांच्याबरोबर परत आलीस. परत आलीस, साळू. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे.

स्नेहल मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या, पण नाव उच्चारल्याबद्दल नाही. म्हणाल्या, “सरिताताई, ओळखलंत त्याच दिवशी मला सांगायचं होतं. जिवावर बेतलेलं एकटीनं कानात ठेवायचं नसतं.” बरोबर आहे त्यांचं.

उद्या गुरुवारी गाडी पाड्यांवर न जाता तुझ्याकडे येईल. मीही येते. गाडीवरचं नाव हिरामण झाकणार आहे. तू नको म्हणालीस तर आम्ही अंगणातून चहा पिऊन परत जाऊ. पण नको म्हणू नकोस.

सरिता


सायखेडा
२२ नोव्हेंबर १९९९

श्रीमती सरिताताई यांस,

तुम्ही गेल्यावर गावात काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं.

तुम्ही आलात तेव्हा हिरामणनं गाडी पारासमोरून हळू आणली. पुढे टोपी घातलेले डॉक्टर, मागे तुम्ही नव्या इरकलीत, शेजारी स्नेहल मॅडम. लग्नसराईच्या तोंडावर अशी गाडी मुलाच्या घरी आली तर माणसं काय समजणार? तुम्ही आत साळूपाशी बसलात आणि बाहेर पारावरचा भिकनअण्णा मला म्हणतो, “काय देवराम, कुठलं पावणं?” मी म्हटलं, “नाशिकचे.” म्हणतो, “मुलीचा बाप लय भारदस्त हाय. पन पोरगी सोताच घर पाह्यला आली व्हय? शहरातलं कायबी नेम नाय!” तोवर हिरामणला कुणीतरी गूळपाणी दिलं होतं आणि त्यानंही ते मान खाली घालून घेतलं.

पाहुणे म्हटल्यावर पोहे आले. साळूच्यानं उठवेना, म्हणून मी केले. आयुष्यात पहिल्यांदा. ते तुम्ही खाल्लेत, डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मागून घेतले, त्यावरून ती माणसं किती चांगली आहेत ते मला समजलं. नंतर मी चव घेतली तेव्हा मीठच नव्हतं.

ताई, डॉक्टर तिच्याशी दीड तास बोलले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यात तुमची चूक नाही आणि तिचीही नाही. वर्षभर मी रोज स्वतःला विचारत होतो, मी हिला काय कमी केलं. ते ओझं त्यांनी उतरवलं. मी गोठ्यात जाऊन रडलो. गोळ्या मी स्वतः हातावर देतो. रोहितनं पंधरा दिवसांची रजा टाकलीय. तिला एकटी सोडत नाही.

तुमचे, त्या मॅडमचे, डॉक्टरांचे आणि हिरामणचे उपकार कसे मानू, मला शब्द येत नाहीत.

आपला,
देवराम

ता. क. नाशिकची पार्टी येऊन गेली ही बातमी पिंपळगावला पोचली. हर्षालीचे मामा काल तातडीनं आले आणि म्हणाले, आमचा होकार समजा. मी गप्प बसलो. साळूला हे सांगितलेलं नाही.


सायखेडा
१२ जानेवारी २०००

सरिता,

दोन महिने तुला पत्र लिहिलं नाही. तुझी पाच आली. वाचली सगळी.

आधी राग सांगते. तू मला ओळखलंस आणि कळू दिलं नाहीस. मी समजत होते की मी लपलेय. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी आपल्याच डोळ्यांवर असावी तसं झालं ते. फार लाज वाटली. पहिल्या गुरुवारी तू दारात आलीस तेव्हा तुझं तोंड बघवलं नाही मला.

आता बाकीचं. तू विचारलंस, तुलाच का फोन करत होते. मला बोलायचं नव्हतं गं. बोलण्यासारखं काही नव्हतंच, तीच तर लाज. नवरा चांगला, मुलगा चांगला, बाग लागलेली, आणि मला सकाळ नकोशी. एखादं दुःख असतं तर ते कुणाला दाखवलं तरी असतं. तुझा आवाज ‘मी आहे’ म्हणायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस निघायचे. मंगळवार ते शुक्रवार निघायचा, शुक्रवार ते मंगळवार जड जायचा. ती पत्रकं मी दवाखान्यात लावली नव्हती. सगळी माझ्या ट्रंकेत आहेत.

गोळ्यांचे पहिले वीस दिवस नुसतं तोंड कोरडं आणि हात थरथर. मी डॉक्टरांना म्हटलं, “तुमचं औषध म्हणजे वरातीमागून घोडं.” ते म्हणाले, “घोडं उशिरा येतं, पण येतं. वरात थांबवून ठेवा.” मग एके दिवशी सकाळी ह्यांनी केलेला चहा प्याले आणि म्हटलं, साखर जास्त झालीय. ते माझ्याकडे बघतच राहिले. दोन महिन्यांत मी कशाला नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पूर्ण बरी नाही. अजून काही दिवस वाईट जातात. पण ते दिवस जातात, हे आता मला माहीत आहे.

राग गेला असं नाही. थोडा ठेवते, तू वचकून राहावीस म्हणून.

साळू


इंदिरानगर, नाशिक
१८ जानेवारी २०००

साळू,

राग ठेव. हवा तेवढा ठेव, हवा तितकी वर्षं. त्यासाठी तू असायला हवीस, बाकी मला काही नको.

आता एक ऐक, उपदेश समज. भाऊजींनी मला सांगितलं ते तुलाही कळलं असेलच, की पिंपळगावकर आमच्या गाडीला मुलीकडची गाडी समजून होकार देऊन गेलेत. हसून हसून स्नेहल मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तुझ्या मनात काय चाललं असेल ते मी इथून ओळखते. तू खोट्यावर सोयरीक करणार नाहीस. माझं म्हणणं, साखरपुडा होऊ दे, मग सावकाश सांग. एवढ्यात धक्का सोसणार नाही तुला.

तुझी,
सरिता


सायखेडा
६ मार्च २०००

प्रिय सरिता,

तुझा उपदेश ऐकला नाही. स्नेहल मॅडम तुला उगीच रागावत नाहीत.

काल हर्षालीची आई कुसाबाई, तिचे मामा आणि दोन-चार माणसं सुपारी फोडायला आली होती. रोहितला मी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, “आई, ज्या घरात तुझ्या गोळ्या लपवाव्या लागतील तिथली मुलगी मला नको.” हे मात्र माझ्यापाशी भीत भीत म्हणाले, “साळू, एवढा आठवडा जाऊ दे.” मी म्हटलं, “लपवून लपवून मी घाटापर्यंत गेले होते. आता नाही.”

बायका आतल्या खोलीत होत्या. ताट तयार होतं. मी कुसाबाईंना म्हटलं, “सुपारी फोडायच्या आधी एक ऐका. दिवाळीनंतर आमच्याकडे आलेली गाडी दुसऱ्या मुलीकडची नव्हती. ती माझ्यासाठी आली होती. मला मनाचा आजार झाला. जीव द्यायला निघाले होते. आता औषध चालू आहे, दर पंधरा दिवसांनी ती माणसं येतात. तुमची लेक या घरात येणार, तिला आणि तुम्हाला हे माहीत असायला हवं. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या मनात काही राहणार नाही.”

सरिता, मी शेवटपर्यंत बोलले.

सुलाबाईनं कपाळाला हात लावला.  बाहेर मामा विचारत होते, उशीर कशाचा. कुसाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, आता उठतात. त्या उठल्याही. इतर बायकांना म्हणाल्या, “जरा बाह्यर बसा,” आणि दाराला कडी घातली.

मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हर्षालीचे वडील सोयरिकीच्या बोलन्याला एकदा तरी आले का? तुम्ही इच्यारलं न्हाई, म्हनून म्या सांगितलं न्हाई. दोन वर्सं झाली, मळ्यातल्या खोलीतून बाह्यर येत न्हाईत. मानसात बसत न्हाईत, दाढी करत न्हाईत. म्या समद्यांला सांगते, बागेचं काम लय हाय.” एवढं बोलून त्यांनी माझा हात धरला. “ती गाडी आमच्याकडं येती का वो?”

मी म्हटलं, “येते.” तुमची गाडी पिंपळगावकडे जात नाही हे मला माहीत आहे. तरी म्हटलं. ते आता तू, स्नेहल मॅडम आणि हिरामण बघून घ्या.

मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो, आणि तोंडं धुऊन बाहेर आलो. सुपारी फुटली. लग्न वैशाखात आहे, तू आठ दिवस आधी यायचंस.

सगळे गेल्यावर मी ओट्यावर बसले होते. ह्यांनी विचारलं, कसला विचार करतेस? मी विचार करत होते की त्या मंगळवारी मी परत आले नसते, तर त्या बाईंनी हे कुणाला विचारलं असतं.

तुझी,
साळू